काका कुम्हारीला उतरले नव्हते

श्रावणकाकांना चटका बसत नसे, याचा आमच्या घरी फार अभिमान होता. चुलीवरचं उकळतं पातेलं ते फडक्याशिवाय उतरवत, निखारा चिमटीत धरून विडी पेटवत, आणि माय भाकरी टाकत असली की कललेला तवा हातानेच सरळ करून देत. आम्ही भंडाऱ्याकडचे, धानाच्या शेतावरची माणसं. वडिलांनी आधी भिलाई गाठली, मग धाकट्या भावाला बोलावून घेतलं, आणि दोघेही कारखान्याच्या उभारणीवर रिगर म्हणून लागले. साखळ्या आणि दोरखंड लावून लोखंडाचे अजस्र तुकडे वर चढवायचे, हे त्यांचं काम. असं काम करणारा माणूस हळूहळू लोखंडाचाच होणार, असा आमचा सरळ हिशोब होता. कॅम्पात कोणाकडे लग्न निघालं की भाताची देगची उतरवायला काकांना बोलावणं येई. काका कमरेला गमछा आवळून जात, देगची उतरवत आणि येताना दोन द्रोण बुंदी घेऊन येत. एकदा साइटवर एका रशियन साहेबाने काकांच्या हातातला वाफाळत्या चहाचा डबा पाहून त्याला सहज बोट लावलं, आणि मग ते बोट तोंडात धरून तो बराच वेळ काकांकडे बघत राहिला. शेवटी त्याने सलाम ठोकला. ही गोष्ट मी कॅम्पात इतक्यांदा सांगितली की शेवटी शेवटी रशियन साहेब तीन झाले होते.

आम्ही तेव्हा पावर हाउसजवळच्या कॅम्पात राहत होतो. क्वार्टर आता मिळणारच, असं वडील रोज सांगत आणि माय रोज विचारी, "कोण्या जन्मात?" भिंती तट्ट्याच्या, वर पत्रा, आणि दोन घरांच्या मधे इतकी पातळ आड की शेजारच्या देवकीबाई शिंकल्या तर आमची कुसुम इकडून "शतायुषी" म्हणायची. देवकीबाई छत्तीसगढी, त्यांचा नवरा रेल्वेत गँगमन होता. सकाळी त्या तांदळाच्या पिठाचा चिला करत, त्यातला एक आमच्या ताटात येई. माय पाटोडीचा रस्सा करी, त्याची वाटी तिकडे जाई. दिवसभर जमिनीत खांब ठोकणाऱ्या यंत्राची धडधड चालू असे. आम्हाला तिची इतकी सवय झाली होती की एखाद्या दिवशी यंत्र बंद पडलं तर कुसुम घाबरून विचारायची, "माय, आज असं चूप कावून हाय?" लाल धूळ सगळीकडे. तांदूळ निवडला तरी लाल, धुतलेलं धोतर लाल. माय म्हणायची, भिलाईत पांढरं फक्त डोळ्यातलं बुबुळाभोवतीचं राहिलं आहे, तेही शिफ्टवरून आल्यावर पाहाल तर नाही. आता मी राहतो त्या घरी फरशी दिवसातून दोनदा पुसतात, तरी पाय टाकताना मी अजून खाली बघतो.

गुरुजी आमच्याकडे आले ते या हातामुळेच, आणि त्यांना तो हात दाखवला मीच. वर्ध्याकडचे होते, खादीचा सदरा, सायकल, कॅरिअरला बांधलेली कापडी पिशवी. कुष्ठरोगाचं काम करणारे हे गृहस्थ कॅम्पात घरोघर फिरत. पण रोगाचं नाव ते पहिल्या दिवशी काढतच नसत. आधी कोणाच्या तरी ओट्यावर बसत, पाणी मागत, गावाकडचा पाऊस विचारत. आमच्या ओट्यावर बसले तेव्हा मी मोठ्या हौसेने म्हटलं, "गुरुजी, आमच्या काकाची कमाल पाहाची हाय का?" काकांनी लगेच चुलीवरचा चहाचा पेला उचलून त्यांच्यापुढे धरला. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी पेला फडक्याने घेतला, खाली ठेवला आणि काकांना डोळे मिटायला सांगितले. वहीच्या कागदाचा कोपरा फाडून ते काकांच्या मनगटावर, हाताच्या पाठीवर, करंगळीवर टेकवत गेले.

"लागला की सांगा."

काका डोळे मिटून, नवरदेवासारखे ताठ बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "लावा ना गुरुजी, कवापासून वाट पाहून राहिलो."

गुरुजी सात-आठ वेळा कागद टेकवून झाले होते. माझं हसणं तोंडातच राहिलं. काकांच्या दंडावर एक फिकट डाग होता, तो आम्ही सगळ्यांनी पाहिलेला होता. माय त्याला उन्हाचा डाग म्हणायची. त्या दिवशी त्याचं खरं नाव कळलं.

त्या वेळी घरात जे झालं ते आठवताना मला मायचा पहिला प्रश्न आठवतो. ती रडली नाही. तिने पदर खोचला आणि विचारलं, "आता भांडे येगळे कराचे का?" गुरुजी उठले, काका ज्या पेल्याने पाणी पीत तो मांडणीवरून घेतला, माठात बुडवला आणि गटगट प्यायले. मग म्हणाले, "बाई, औषध आता निघालं आहे, पांढऱ्या गोळ्या. वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात, पण रोग थांबतो. मात्र एक सांगतो, भांडी वेगळी केली की गोळी निम्मंच काम करते." वैद्यकाच्या पुस्तकात हे वाक्य सापडणार नाही, पण मायला ते पटलं. ताट तेच राहिलं. उलट गुरुजींनी तिच्या मागे एक नवीन काम लावलं. काकांना लागलेलं-भाजलेलं कळत नाही, तेव्हा रोज संध्याकाळी घरातल्या कोणीतरी त्यांचे हातपाय निरखून पाहायचे, पाण्यात भिजवायचे, तेल लावायचे. हे काम कुसुमकडे आलं. ती नऊ-दहा वर्षांची होती आणि शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी काकांचं बोट न बोट उलटून बघे. "इथं काय झालं? इथं? खोटं बोलू नका." काका म्हणत, "वयनी, या पोट्टीले ठाणेदार कराले पाहिजे."

तरी तळहातावरची एक जखम चिघळली, दोन बोटं आत वळू लागली, आणि गुरुजींनी काकांना त्यांच्या संस्थेत न्यायचं ठरवलं. रायपूरच्या पलीकडे, गाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. काका तिथे दीड वर्ष राहिले. आम्ही दोन-तीनदा भेटायला गेलो. मी धास्तावून गेलो होतो. तिथे जाऊन पाहतो तर व्हरांड्यात नाटक चालू होतं. घरी परतायची वेळ आलेल्या लोकांकडून गुरुजी घरी जाण्याची तालीम करून घेत. एकजण परत येणारा व्हायचा, बाकीचे त्याच्या गल्लीतले लोक. किराणा दुकानदार सामान लांबून फेकतो, काय कराल? सासू म्हणते अंगणातच बस, काय म्हणाल? परत येणाऱ्याने मान खाली घातली की तालीम पुन्हा पहिल्यापासून. आमचे काका या नाटकात सासू होत. कपाळावर गमछा ओढून, कंबर हलवत ते असं काही बोलत की एक म्हातारे गृहस्थ हसता हसता खांबाला धरून खाली बसले होते. मायसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती. परत येताना गाडीत ती म्हणाली, "घरी कोणी इतकं हसत नाही बापा." दुकानदार, सासू, न्हावी, मास्तर, गावचा पाटील, सगळ्यांची सोंगं तिथे होत. पुतण्याचं सोंग कोणी घेतलं नव्हतं.

गुरुजींचा एक नियम होता, त्याला ते वरात म्हणत. बरा झालेला माणूस एकट्याने, चोरासारखा घरी येता कामा नये. घरचं माणूस स्टेशनवर घ्यायला हवं. दिवसाउजेडी, भर बाजारातून चालत यायचं, आणि वाटेत तीन थांबे घ्यायचे. आधी न्हाव्याकडे दाढी, मग टपरीवर चहा, मग भाजीवाल्याकडे भाजी. "तीन माणसांनी त्याला गिऱ्हाईक मानलं," गुरुजी म्हणत, "की चौथा आपोआप मानतो." काकांची वरात ठरली तेव्हा वडिलांची पहिली पाळी होती. मायला स्वयंपाक करायचा होता. सकाळपासून ती पाटोडीसाठी बेसन घोटत होती, आणि देवकीबाईंनी तांदळाचे फरे करायचं कबूल केलं होतं. राहिलो मी. मी मोठ्या आवाजात म्हटलं, "मी जातो ना, त्यात काय."

मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो आणि काकांच्या गैरहजेरीत कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागलो होतो. आमचं चौघांचं टोळकं होतं. बलबीर पंजाबी, एक बंगाली, एक मल्याळी आणि मी. चौघांचे डबे एकत्र ओतून आम्ही एकाच झाकणात जेवत असू. मोहरीचा मासा, आलू पराठा, खोबऱ्याची चटणी आणि मायचं वांगं, सगळं एकमेकांत शिरलेलं. माझ्या गावच्या माणसाने असं जेवण कधी पाहिलं नव्हतं, आणि मला वाटे, आपण भिलाईचे झालो ते या झाकणामुळे. मला एक काका आहेत आणि त्यांना काय झालं आहे, हे मी त्या झाकणाभोवती कधी बोललो नव्हतो. हे मी सबब म्हणून सांगत नाही. त्या सकाळी माझ्या डोक्यात काय होतं, तेवढंच सांगतो.

गाडी दहाच्या सुमारास पावर हाउस स्टेशनात आली. काका तिसऱ्या की चौथ्या डब्यातून उतरले. पांढरा सदरा, पायात संस्थेत बनवलेल्या मऊ तळव्याच्या चपला, हातात पत्र्याची पेटी. अंग भरलं होतं. भुवया विरळ झाल्या होत्या, उजव्या हाताची दोन बोटं वळलेली. मला पाहून ते म्हणाले, "काय बे मध्या, मिशी फुटली का तुले? आता तं तुले तुमी म्हणा लागते." मी पेटी घेतली. पुलाखालून बाजारात येईपर्यंत ते बोलतच होते. संस्थेतल्या बकरीबद्दल, नव्या स्वयंपाक्याबद्दल, आणि न्हाव्याकडे काय बोलायचं हे त्यांनी कसं पाठ केलं आहे त्याबद्दल. "आज मी सासू नाही, नवरदेव हाय," असं म्हणून ते स्वतःच हसले.

न्हाव्याच्या दुकानात दोन खुर्च्या होत्या. एकीवर गिऱ्हाईक होतं, तोंडाला फेस, डोळे मिटलेले. काका दुसऱ्या खुर्चीवर बसले. न्हाव्याने त्यांच्या गळ्याभोवती कापड गुंडाळलं, एका गालाला साबण लावला, आणि कापड सारखं करताना त्याची नजर त्यांच्या बोटांवर गेली. ब्रश थांबला.

"ये कौन हैं?" त्याने मला विचारलं.

त्याच क्षणी शेजारच्या खुर्चीवरचं गिऱ्हाईक डोळे उघडून वळलं. तो बलबीर होता. केस राखणारा नव्हता तो, दर आठवड्याला दाढी करायचा, हे मला माहीत होतं; पण त्याच दुकानात, त्याच वेळी, हे काही मला माहीत नव्हतं. त्याने काकांकडे पाहिलं, त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ओए मधुकर," तो म्हणाला, "तेरे साथ हैं?"

मी म्हटलं, "नहीं यार. स्टेशन पे मिले. रास्ता पूछ रहे थे."

आरशात काका दिसत होते. एका गालावर फेस. त्यांनी माझ्याकडे आरशातून पाहिलं, फार वेळ नाही. त्यांची मान खाली गेली नाही. मग ते खुर्चीवरून उठले, स्वतःच गळ्याचं कापड सोडलं, गमछ्याने गाल पुसला आणि मला छत्तीसगढीत म्हणाले, "हव बाबू, रस्ता पूछत रहेंव. मिल गे." आवाज बदललेला, खांदे जरा पडलेले, खेड्यातून पहिल्यांदा बाजारात आलेला एखादा म्हातारा असावा तसे. इतकं हुबेहूब सोंग त्यांनी व्हरांड्यात कधी केलं नव्हतं. माझ्या हातातली पेटी त्यांनी घेतली, न्हाव्याला रामराम केला आणि बाहेर पडले.

न्हाव्याने ब्रश धुतला. बलबीर म्हणाला, "बेचारा. आधी दाढ़ी में उठ गया," आणि पुन्हा डोळे मिटले. एवढंच. बलबीर पुढे माझ्या लग्नात नाचला, काकांच्या शेजारी बसून जेवला, त्यांच्या ताटातली पुरी उचलून खाल्ली. त्या दिवशी मी "हो, माझे काका आहेत" म्हटलं असतं तर त्याने "सत श्री अकाल, चाचाजी" म्हटलं असतं आणि तोंडाला फेस तसाच ठेवून हात पुढे केला असता. हे मला आज ठाऊक आहे. त्या दिवशीही थोडंफार ठाऊक होतं, असं हल्ली वाटतं.

मी दुकानाबाहेर आलो तेव्हा काका दिसले नाहीत. मी शोधलं, असं म्हणायला आवडलं असतं. मी पुलापर्यंत गेलो आणि परतलो. घरी माय दारात उभी होती, देवकीबाई फऱ्यांची थाळी घेऊन उभ्या होत्या, कुसुमने ओट्यावर वाकडीतिकडी रांगोळी काढली होती. मी म्हटलं, "काका गाडीतून उतरलेच नाही. पुरी गाडी पाह्यली."

आठ दिवसांनी गुरुजींचं पत्र आलं. ते मीच वाचून दाखवलं, कारण मायला वाचता येत नव्हतं आणि वडिलांना अक्षर लागत नव्हतं. गुरुजींनी लिहिलं होतं की श्रावण दुसऱ्या दिवशी संस्थेत परत आला. त्याचा धीर सुटला आणि तो मधेच, भिलाईच्या अलीकडे कुम्हारी स्टेशनला उतरून बसला, असं तो सांगतो. मुलगा स्टेशनवर ताटकळला असेल, त्याची माझ्यातर्फे माफी मागा, असंही म्हणतो. हे वाक्य मी मोठ्याने वाचलं. माझा आवाज नीट होता.

वडील म्हणाले, "श्रावण पहिल्यापासूनचा भेकड. विहिरीत पोहाले शिकवाले नेलं तं काठावरून पळाला होता."

माय म्हणाली, "भेकड कायचे? मंघारी कोणी नसलं का कोणाचाही धीर सुटते. या पोट्ट्याले पाठवलं हेच चुकलं. मीच आणीन भाऊजीले."

आणि तिने आणलं. एक दिवस ती पहाटेच्या गाडीने गेली, मुक्काम केला, आणि दुसऱ्या दिवशी काकांना घेऊन त्याच दहाच्या गाडीने उतरली. मी स्टेशनवर होतो. येऊ नको म्हणायला कोणाकडे काही कारण नव्हतं. काका मला म्हणाले, "काय बे मध्या, बरा हायस ना?" मी पेटी घेतली. माय काकांचं मनगट धरून पुढे निघाली होती. न्हाव्याचं दुकान दिसलं तेव्हा काका हळूच म्हणाले, "वयनी, पुढं दुसरा न्हावी हाय. तो चांगला."

"गुरुजीनं सांगतलं पयला थांबा न्हाव्याचा. हा पयला हाय."

न्हाव्याने काकांना पाहिलं, मला पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "अरे, ये तो उस दिन..." तो बोलू लागला. पण काका त्याच्यावर ओरडल्यासारखे पटकन बोलले, "कोन दिन, भैया? मैं तो आजे आए हंव. मोर जइसन बहुत झन हें." म्हणजे मी तर आजच आलो, माझ्यासारखे पुष्कळ आहेत. आणि खुर्चीवर बसले. न्हाव्याला वाटलं असेल, माझी चूक झाली. किंवा तसं काहीच वाटलं नसेल. तो पुन्हा माझ्याकडे बघत होता. मी तेव्हा बोलू शकलो असतो. एक वाक्य पुरलं असतं.

"दाढी नहीं होगी, बाई," न्हावी शेवटी मायला म्हणाला. "दूसरे ग्राहक हैं."

माय दुकानात शिरली आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली. बाई माणूस न्हाव्याच्या दुकानात, हे पावर हाउसच्या बाजारात तोवर कोणी पाहिलं नव्हतं. बाकावरचे दोघे पुरुष कावळे उडावेत तसे उठले. मायने पिशवी मांडीवर घेतली, पदर सारखा केला आणि तिच्या हिंदीत म्हणाली, "देवर है मेरा. मेरे घर में, मेरे थाली में खाता. तुम बनाओ दाढी, मैं बैठी. मेरे को घाई नहीं." बाहेर लोक जमू लागले. आत यायला कोणी धजेना, कारण आत बाई बसलेली. न्हाव्याने दहा मिनिटं वाट पाहिली, रस्त्याकडे पाहिलं, मायकडे पाहिलं, आणि हिला घालवायचा दाढी हाच एक उपाय आहे हे त्याच्या लक्षात आलं. त्याने दोन्ही गाल गुळगुळीत केले, वर तुरटी फिरवली. माय उठली, काकांचा गाल बोटाने तपासला आणि म्हणाली, "इथं थोडी राहिली." तीही त्याने काढली. चहावाल्याने तो सगळा प्रकार समोरून पाहिला होता. त्याने आम्ही काही बोलायच्या आत तीन पेले भरले.

काका त्यानंतर जन्मभर आमच्याकडेच राहिले. पुढे क्वार्टर मिळालं, त्यात पुढची खोली त्यांची. त्यांना स्टोअरमध्ये हलकं काम मिळालं. कुसुम लग्न होऊन जाईपर्यंत रोज त्यांचे हातपाय तपासत राहिली, आणि मग ते काम माझ्या बायकोने न सांगता उचललं. आजूबाजूला कोणाला हा रोग निघाला की गुरुजी काकांनाच त्या घरी पाठवत. काका ओट्यावर बसत, पाणी मागत आणि स्वतःची फजिती सांगत, म्हणजे समोरच्याला वाटावं की धीर सुटणं ही काही फार मोठी गोष्ट नाही. ती फजिती म्हणजे कुम्हारी.

दरवर्षी त्या गोष्टीत भर पडे. कुम्हारी स्टेशनवर एक चिंचेचं झाड आलं. झाडाखाली एक बकरी आली. एका वर्षी बकरीने काकांचं तिकीट खाल्लं. पुढच्या वर्षी स्टेशनमास्तर बकरीला दंड करायला निघाला. माझी मुलं ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावत. घरात कोणी ऐन वेळी कच खाल्ली, परीक्षा चुकवली, मुलगी बघायला जाऊन न बोलताच परत आला, तर म्हणत, "उतरला कुम्हारीला." काका सगळ्यांत मोठ्याने हसत. मीही हसे. एकदा, माझ्या थोरल्याच्या बारशाच्या दुपारी, आम्ही दोघेच होतो, तेव्हा मी कसंबसं म्हटलं, "काका, त्या दिवशी तुमी आले होते."

"कोण्या दिवशी?"

"न्हाव्याकडे."

त्यांनी सुपारी कातरायची थांबवली नाही. "मी कुठं आलो होतो बे? मी तं कुम्हारीले उतरलो होतो." मग म्हणाले, "वयनीले काही सांगू नोको. तुले पाठवलं म्हणून तिनं सोताले लय दोष देल्ला होता. तेवढा पुरे." मला वाटतं मला यातून सूट मिळाली, आणि ती मी घेतली. काका गेले. त्यांच्यामागून माय गेली. शेवटच्या आजारपणात तिने एकदा मला सांगितलं होतं की भाऊजी सगळ्या आयुष्यात एकदाच भ्याले, बाकी त्यांच्यासारखा निधड्या छातीचा माणूस तिने पाहिला नाही. मी तिच्या पायावरची चादर सारखी केली.

निवृत्त झाल्यावर एकदा मी मुद्दाम कुम्हारीला उतरलो. तिथे फलाटाच्या टोकाला एक लिंब होता. चिंच नव्हती. मी चहा घेतला आणि पुढच्या गाडीने परत आलो.

गेल्या हिवाळ्यात माझा नातू एका मुलाखतीला जायला निघाला आणि अर्ध्या वाटेतून परत आला. जेवताना त्याचा बाप त्याला म्हणाला, "उतरलास ना कुम्हारीला?" सगळे हसले. मी ताटावरून हात काढला आणि म्हटलं, "काका कुम्हारीला उतरले नव्हते. ते पावर हाउसला उतरले. मी त्यांच्यासोबत न्हाव्याकडे गेलो आणि तिथे हे माझे कोणी नाहीत असं सांगितलं. ते निघून गेले." सून म्हणाली, "बाबा, भात वाढू का?" मुलाला वाटलं असावं, म्हाताऱ्याचं आता काही खरं नाही. म्हणून हे सगळं मी क्रमाने, माझ्या हाताने लिहून ठेवतो आहे.

पण त्या रात्रीच्या जेवणात एकटी माझी चौथीतली नात मिनू माझ्याकडे बघत राहिली होती. तिने विचारलं, "आजोबा, मग ते दिवसभर कुठे गेले?"

परतीची गाडी संध्याकाळी होती. न्हाव्याच्या दुकानातून काका निघाले तेव्हा साडेदहाही झाले नसतील. ते स्टेशनवर बसले असतील, किंवा कुठे भटकले असतील. दिवस वैशाखाचे होते. त्यांनी काही खाल्लं का, कोणी पाणी दिलं का, आमचं घर पाच मिनिटांवर होतं तिकडे ते लांबून पाहून गेले का. त्यानंतर इतकी वर्षं आम्ही शेजारी शेजारी ताट मांडून जेवलो. मी मिनूला सांगितलं, मला माहीत नाही, मी त्यांना कधी विचारलं नाही.